आठ खात्यांची गिरणी

सन 1918 च्या जून महिन्याची दहा तारीख. मुंबईत पोलिसांच्या रुग्णालयात सात शिपाई तापाने आजारी म्हणून दाखल झाले. त्यांतील एकजण गोदीवर पहाऱ्यास होता. ताप हिवतापाचा नव्हे, एवढेच डॉक्टरांना त्या दिवशी सांगता आले. त्यानंतरच्या पंधरवड्यात गोदीतील कामगार, पेढ्यांतील कारकून, तारखात्यातील नोकर आणि गिरण्यांतील माणसे एकामागून एक अंथरुणाला खिळली. जूनची साथ पुष्कळांना चारसहा दिवसांचा ताप देऊन ओसरली. परंतु सप्टेंबरात ती परत आली, आणि या खेपेस माणसे मारीतच आली. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी मुंबई शहरात 768 मृत्यूंची नोंद झाली. आगगाडीच्या रस्त्यांनी साथ देशभर पसरली. मुंबईतून बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या रस्त्यांपैकी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा रस्ता आपल्या वसईवरूनच जातो. हिंदुस्थानात एकंदर किती माणसे गेली त्याचा हिशेब आजही अंदाजाचाच आहे. पण कमीत कमी धरला तरी तो एक कोटीच्या वर जातो. 1921 ची खानेसुमारी झाली तेव्हा देशाची लोकसंख्या 1911 पेक्षा कमी भरली.

या इतिहासातील एक आकडा आम्ही कधी विसरू शकलो नाही. मुंबई शहरात या साथीने युरोपियन लोकांत दर हजारी सुमारे 8 माणसे मेली; ज्यांना तेव्हा खालच्या जातीचे हिंदू म्हणून नोंदीत, त्या लोकांत दर हजारी सुमारे 61 मेली. ताप एकच, शहर एकच, हवा एकच. फरक होता तो खोलीचा, पाण्याचा, पोटाचा आणि आजारपणात दोन दिवस पडून राहण्याच्या ऐपतीचा. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता आणि धान्य महागले होते. पुढे जानेवारी 1919 मध्ये मुंबईच्या गिरण्यांतील एक लाखाहून अधिक कामगार पगारवाढीसाठी संपावर गेले, ते या साथीतून उठलेलेच लोक होते. कामगार चळवळीचा इतिहास सांगताना या संपाचा उल्लेख सगळेच करतात. त्याच्या मागे तीन महिने जळत असलेल्या चितांचा उल्लेख फारसा कोणी करीत नाही.

आता, ही माणसे कशाने मेली हे 1918 मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. जर्मनीतील फायफर या शास्त्रज्ञाने 1892 मध्ये एक जंतू दाखवून हाच इन्फ्लुएंझाचा जंतू असे सांगितले होते, आणि जगातील बहुतेक प्रयोगशाळा त्याच जंतूच्या मागे होत्या. तो खरा गुन्हेगार नव्हता. खरा गुन्हेगार इतका लहान होता की त्या काळच्या कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून तो दिसणे शक्यच नव्हते. तो आज माणसाला नुसता दिसतो असे नाही, तर त्याचा एकेक भाग सुटा करता येतो, बदलता येतो आणि पुन्हा जोडून चालविता येतो. ही गोष्ट कशी घडली, आणि तिच्याशी तुमचाआमचा काय संबंध, हे या लेखात सांगावयाचे आहे.

आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयांत. परंतु या विषयात शिरलो तेव्हा आम्हांस तो परका वाटला नाही, याचे एक कारण आहे. गिरणीत प्रत्येक खात्यातला जुना माणूस छाती ठोकून सांगे की ही गिरणी आमच्या खात्यावर चालते. कार्डिंगवाला तेच सांगे, स्पिनिंगवाला तेच सांगे, साचेवालाही तेच सांगे. खरे काय ते बोलण्याने कळत नसे. एखाद्या खात्याने काम थांबविले म्हणजे मग गिरणीत नेमके काय अडते, कोठे माल तुंबतो आणि कोठे रिकामे बसावे लागते, हे सर्वांच्या डोळ्यांदेखत स्पष्ट होई. विषाणूच्या शास्त्रज्ञांनी शंभर वर्षे धडपडून जी रीत हस्तगत केली ती हीच. एक खाते बंद करावे, किंवा त्यातील एकच माणूस बदलावा, आणि काय अडते ते पाहावे.

परंतु खाते बंद करण्याआधी गिरणी सापडली पाहिजे. अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी 1930 च्या सुमारास डुकरांच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा केला. 1933 मध्ये लंडन येथे विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी माणसाच्या घशातील धुवण घेतले, बारीक गाळणीतून गाळले, म्हणजे जंतू वर राहून गेले, आणि खाली आलेले पाणी फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या लहान प्राण्यांच्या नाकात सोडले. फेरेट आजारी पडले, शिंकू लागले. तीन वर्षांनी अशाच एका आजारी फेरेटची शिंक प्रयोगशाळेतील एका तरुण डॉक्टराच्या तोंडावर आली आणि त्याला इन्फ्लुएंझा झाला. पुरावा पुरा झाला. पुढे हा विषाणू कोंबडीच्या उबवत्या अंड्यात वाढविता येतो असे आढळले, आणि 1941 मध्ये अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांच्या लक्षात आले की या विषाणूमुळे कोंबडीच्या रक्तातील तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. विषाणूच्या अंगावर चिकटण्याचे काहीतरी साधन आहे, हा त्याचा अर्थ. विषाणूच्या एका भागाचे काम माणसाला प्रथम समजले ते असे.

आज आपणांस त्या गिरणीचा सगळा नकाशा ठाऊक आहे. इन्फ्लुएंझा ए या जातीच्या विषाणूत डीएनए नसतो. त्याच्याऐवजी आरएनए नावाच्या द्रव्याचे आठ सुटे तुकडे असतात. प्रत्येक तुकड्यावर एक किंवा अधिक प्रथिने बनविण्याचा मजकूर असतो. आठ तुकडे म्हणजे आठ खाती समजा. तीन खाती मिळून एक नकलयंत्र बनवितात, ज्याला पॉलिमरेज म्हणतात. विषाणूच्या मजकुराच्या हजारो नकला काढणे हे त्याचे काम. पाचवे खाते आरएनएला गुंडाळून ठेवणारे प्रथिन करते. चौथे खाते हीमॅग्लुटिनिन बनविते. हर्स्ट यांनी पाहिलेले चिकटण्याचे साधन ते हेच, पेशीच्या दाराला लावायची किल्ली. सहावे न्यूरामिनिडेज बनविते. नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना दारालाच चिकटून बसतात, त्यांना कापून मोकळे करणारी ही कात्री. सातव्यात विषाणूचे आतले अस्तर तयार होते. आठव्या खात्याचे काम पुष्कळ दिवस कोणाच्या ध्यानात येत नव्हते. त्याची गोष्ट पुढे येईल. H आणि N ही अक्षरे वर्तमानपत्रांत एच आणि एन म्हणून आपण वाचतो, ती या किल्लीची आणि कात्रीची होत.

एकाच पेशीत दोन वेगवेगळे विषाणू शिरले तर त्यांच्या खात्यांची आपसांत अदलाबदल होऊ शकते, ही गोष्ट ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांच्या प्रयोगांतून 1950 च्या सुमारास पुढे आली. निसर्गातही तेच घडते. 1957 मध्ये आशियाई फ्लू म्हणून जी साथ आली तिच्या विषाणूत काही खाती पक्ष्यांच्या विषाणूंकडून आलेली होती. ती साथ मे 1957 मध्ये सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजातून आपल्या देशात उतरली आणि काही आठवड्यांत सर्वत्र गेली. सरकारदरबारी नोंद झालेल्या रुग्णांची संख्याच 44 लाखांवर होती. जुन्या मंडळींना त्या वर्षीच्या ओस पडलेल्या शाळा आठवत असतील. हा 1957 सालचा विषाणू ध्यानात ठेवावा. तो अर्ध्या शतकानंतर पुण्यात पुन्हा भेटणार आहे, पण वैरी म्हणून नव्हे.

खाती अदलून बदलून पाहण्याची ही जुनी रीत मात्र आंधळी होती. दोन विषाणू एका अंड्यात घालावयाचे आणि जे निपजेल त्यातून हवे ते निवडावयाचे. नेमके हेच प्रथिन बदलावे, याच जागी बदलावे, असे ठरवून काही करता येत नसे. 1970 नंतर डीएनए कापण्याची आणि जोडण्याची साधने निघाली, पण इन्फ्लुएंझाचा मजकूर पडला आरएनएमध्ये. 1981 मध्ये अमेरिकेत रॅकॅनिएलो आणि बाल्टिमोर यांनी पोलिओच्या विषाणूचा मजकूर डीएनएमध्ये उतरवून त्यातून जिवंत पोलिओ विषाणू निर्माण केला. इन्फ्लुएंझाला ती युक्ती चालेना. कारण पोलिओचा आरएनए पेशीत शिरला की पेशी तो सरळ वाचते. इन्फ्लुएंझाचा मजकूर उलटा लिहिलेला असतो. आरशातल्या अक्षरांप्रमाणे म्हणा. तो सुलटा करण्याचे यंत्र त्याचे त्यालाच बरोबर आणावे लागते. नुसता आरएनए पेशीत टाकला तर काहीच होत नाही. नकलयंत्रही बरोबर द्यावे लागते.

हे कोडे सुटण्यास आणखी आठ वर्षे लागली. 1989 मध्ये न्यूयॉर्क येथे पीटर पलेझे यांच्या प्रयोगशाळेत, इन्फ्लुएंझाशी काहीच नाते नसलेले एक जनुक विषाणूच्या तुकड्याच्या वेषात घालून विषाणूत चालवून दाखविण्यात आले. 1990 मध्ये तेथेच विषाणूच्या स्वतःच्या मजकुरात ठरविलेल्या जागी बदल करून तो बदल जिवंत विषाणूत आणला गेला. तरीही मदतीला एक साधा विषाणू घ्यावाच लागे, आणि मग नवा आणि जुना वेगळा करण्याची कटकट होई. 1999 मध्ये ती अडचणही गेली. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे योशिहिरो कावाओका आणि त्यांचे सहकारी, आणि ऑक्सफर्ड व न्यूयॉर्क येथील दुसरी तुकडी, या दोघांनी निरनिराळ्या वाटांनी केवळ डीएनएच्या वेटोळ्यांपासून सबंध इन्फ्लुएंझा विषाणू उभा केला. या वेटोळ्यांना प्लास्मिड म्हणतात. विस्कॉन्सिनच्या पहिल्या प्रयोगात 17 प्लास्मिड लागले होते. पुढच्याच वर्षी मेंफिस येथे एरिख हॉफमन, रॉबर्ट वेब्स्टर आदींनी हे काम 8 प्लास्मिडांत भागविले. आठ खाती, आठ वेटोळी. आता कोणत्याही खात्यातील हवे ते अक्षर बदलावे आणि त्याचा परिणाम पाहावा, एवढी सोय झाली. या रीतीस उलट जनुकशास्त्र म्हणतात. कारण पूर्वी विषाणूचे वागणे पाहून जनुकाचा शोध करीत, आता जनुक बदलून वागणे पाहतात.

आपले जूचंद्र रांगोळीसाठी सर्व महाराष्ट्रात नावाजलेले गाव आहे, म्हणून ही गोष्ट येथे लवकर समजावी. रांगोळीतील चेहऱ्यात डोळ्याजवळची एक छटा पुसली तर हसरा चेहरा उदास दिसू लागतो. दुसरीकडची मुठभर रांगोळी उडाली तरी काही बिघडत नाही. कोणती रेघ चेहरा धरून आहे, हे काढणाऱ्याला पुसूनच कळते. विषाणूचेही तसेच आहे, आणि दोन उदाहरणांवरून ते स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण त्या आठव्या खात्याचे. त्यातील एनएस 1 नावाचे प्रथिन विषाणूच्या अंगात नसते; पेशीत शिरल्यावर मात्र ते भरपूर तयार होते. हे कशासाठी? 1998 मध्ये पलेझे यांच्याच प्रयोगशाळेत अडोल्फो गार्सिया-सास्त्रे यांनी ते प्रथिन मुळीच नसलेला विषाणू तयार केला. हा विषाणू नेहमीच्या पेशींत नीट वाढेना. परंतु ज्या पेशींत किंवा उंदरांत इंटरफेरॉनची व्यवस्था मोडलेली होती, तेथे तो जोमाने वाढला. इंटरफेरॉन म्हणजे पेशीने शेजारच्या पेशींना दिलेली धोक्याची सूचना, गिरणीचा भोंगाच म्हणा. एनएस 1 चे काम तो भोंगा दाबून धरणे हे होते. जेथे मुळात भोंगाच नाही, तेथे दाबणाऱ्याचीही गरज नाही. ते खाते बंद केल्यावाचून हे कळले नसते.

दुसरे उदाहरण आणखी बारीक आहे. 1997 मध्ये हाँगकाँग येथे कोंबड्यांचा एच 5 एन 1 विषाणू माणसांना झाला. 18 जणांना लागण होऊन 6 जण दगावले. त्यांच्यापासून मिळालेल्या विषाणूंपैकी काही उंदरांना मारीत, काही मारीत नसत. 2001 मध्ये कावाओका यांच्या तुकडीने दोहोंची खाती आलटून पालटून जोडली, आणि फरक शेवटी नकलयंत्राच्या एका प्रथिनातील एकाच कडीपर्यंत आणून ठेवला. त्या प्रथिनात सातशेहून अधिक कड्या आहेत. त्यांतील एक बदलली की पक्ष्यांच्या विषाणूचे यंत्र सस्तन प्राण्याच्या पेशीत सुरळीत चालू लागते.

ही विद्या केवळ कुतूहलाची नव्हे. फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत एच 5 एन 1 आला. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले आणि माणसांत लागण आढळली नाही. ही संस्था 1952 मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून पुण्यात निघाली आणि 1978 मध्ये तिला आजचे नाव मिळाले. समजा त्या वेळी माणसांसाठी लस हवी असती, तर अडचण अशी की लस वाढवावयाची कोंबडीच्या अंड्यात, आणि हा विषाणू अंड्यातील पिल्लूच मारून टाकतो. उलट जनुकशास्त्राने यावर तोड काढली होती. हीमॅग्लुटिनिनच्या किल्लीत एक सांधा असतो, तो उघडल्यावाचून किल्ली चालत नाही. या जहाल विषाणूत तो सांधा शरीरात कोठेही उघडेल असा घडलेला असतो. तेवढा सांधा बदलला, आणि बाकीची सहा खाती साध्या, अंड्यात चांगल्या वाढणाऱ्या विषाणूची घेतली, की लशीचे बियाणे तयार होते. जगात एच 5 एन 1 च्या लशींची बियाणी याच पद्धतीने तयार झाली. कोणता भाग काय करतो हे आधी कळले होते म्हणूनच कोठे हात घालावा हे कळले.

आता त्या 1957 च्या विषाणूकडे येऊ. लेनिनग्राडमधील शास्त्रज्ञांनी त्या साथीचा एक विषाणू घेऊन तो अंड्यात थंड वातावरणात, 25 अंशांवर, पुनःपुन्हा वाढविला. असा थंडीला सरावलेला विषाणू नाकात, जेथे थोडा गारवा असतो तेथे, वाढतो. फुप्फुसाच्या उबेत त्याचे चालत नाही. त्यामुळे तो आजार न करता शरीराला ओळख करून देतो. ऑगस्ट 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू झाला. चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली. नायडू रुग्णालयापुढच्या रांगा आणि तोंडाला बांधलेले रुमाल आपण सर्वांनी पाहिले आहेत. जुलै 2010 मध्ये पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची लस बाजारात आणली. तिच्या विषाणूत किल्ली आणि कात्री ही दोन खाती 2009 च्या नव्या विषाणूची होती, आणि उरलेली सहा त्या लेनिनग्राडच्या 1957 च्या विषाणूची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मध्यस्थीने ते बियाणे पुण्यास आले होते. हे बियाणे अंड्यात संकर करण्याच्या जुन्या रीतीनेच तयार झाले होते. परंतु थंडीला सरावण्याचा गुण कोणत्या खात्यांतील कोणत्या बदलांमुळे येतो, हे पुढे उलट जनुकशास्त्रानेच तपासून दाखविले, आणि ते बदल मुख्यतः नकलयंत्रात सापडले. मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. लस जुलैत आली आणि 10 ऑगस्ट 2010 रोजी जागतिक साथ संपल्याचे जाहीर झाले. बियाणे आणि विद्या हाताशी असूनही साथ लशीच्या पुढे धावली.

ज्या विषाणूने 1918 मध्ये मुंबईची स्मशाने भरली, त्याचे काय झाले? अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या वस्तीत त्या साथीत 80 प्रौढांपैकी 72 माणसे मेली आणि गोठलेल्या जमिनीत पुरली गेली. योहान हुल्टिन हा संशोधक 1951 मध्ये तेथे गेला, पण त्याला जिवंत विषाणू मिळाला नाही. 1997 मध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी, तो पुन्हा गेला. गावच्या मंडळाची परवानगी मागितली, ती मिळाल्यावरच खणले, आणि फुप्फुसाचा तुकडा अमेरिकेत जेफ्री टॉबेनबर्गर यांच्याकडे धाडला. त्यावरून आणि त्या काळच्या सैनिकांच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून आठही खात्यांचा मजकूर जुळविण्यात आला. 2005 मध्ये अटलांटा येथे टेरेन्स टंपी यांनी प्लास्मिडांच्या रीतीने तो विषाणू पुन्हा जिवंत केला. उंदीर काही दिवसांत मेले. मग त्याची फक्त किल्ली काढून अलीकडच्या साध्या फ्लूची किल्ली बसविली, तेव्हा उंदीर जगले. 1918 च्या मारकपणात हीमॅग्लुटिनिनचा वाटा केवढा होता, हे 87 वर्षांनी असे कळले.

हे वाचून आमच्या मनात दोन विचार एकदमच आले, आणि श्रोत्यांच्याही येतील. एक कृतज्ञतेचा. दुसरा भीतीचा. जी गिरणी बंद पडली होती ती पुन्हा सुरू करण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला? ही भीती अडाण्याची आहे असे कोणी समजू नये. 1977 मध्ये जगात एक फ्लू पसरला, त्याचा विषाणू 1950 च्या सुमाराच्या विषाणूंशी जवळजवळ तंतोतंत जुळत होता. निसर्गात पंचवीस वर्षे विषाणू असा न बदलता राहत नाही. तो कोठल्यातरी प्रयोगशाळेतून किंवा लशीच्या प्रयोगातून निसटला असावा, असे अनेक जाणकार मानतात. 2011 च्या अखेरीस हॉलंडमधील रॉन फूशे आणि अमेरिकेतील कावाओका यांनी एच 5 एन 1 चा विषाणू हवेतून फेरेटना लागेल असा केल्याचे जाहीर झाले, तेव्हा शास्त्रज्ञांतच मोठा वाद माजला. जानेवारी 2012 पासून त्यांनी असे प्रयोग वर्षभर आपणहून थांबविले. 2014 मध्ये अमेरिकन सरकारने अशा कामाचा पैसा रोखला आणि 2017 मध्ये नियम घालून पुन्हा सोडला. एक पक्ष म्हणतो, कोणता बदल धोक्याचा हे ठाऊक असल्याशिवाय पहारा कशावर ठेवणार? दुसरा म्हणतो, पहाऱ्यासाठी चोर घडविणे हे कसले शहाणपण? दोन्ही बाजूंस विचारी माणसे आहेत. आमचे मत विचाराल तर, एखादे खाते बंद करून किंवा सांधा बदलून विषाणू दुबळा करण्याचे काम बिनधोक चालावे. त्याला अधिक पसरट किंवा अधिक मारक करण्याचे काम मात्र केवळ प्रयोगशाळेच्या भिंतीआड ठरू नये. बॉयलर फुटला तर पहिला मरतो तो बॉयलरजवळचा कामगार, म्हणून बॉयलरची तपासणी मालकाच्या मर्जीवर न ठेवता कायद्याने करावी लागली. येथे तर भिंतीबाहेरचे सारे जगच बॉयलरजवळ उभे आहे.

दुसरा प्रश्न लाभाच्या वाटणीचा. 2007 मध्ये इंडोनेशियाने आपल्याकडील एच 5 एन 1 चे नमुने जगाला देण्याचे थांबविले. त्यांचे म्हणणे असे, की आमच्या रोग्यांचे विषाणू घेऊन श्रीमंत देशांतील कंपन्या लस बनवितात आणि ती विकत घेण्याची आमची ऐपत नसते. या भांडणातून मे 2011 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने एक चौकट मंजूर केली. नमुने सर्वांनी द्यावेत आणि लस, औषधे व पैसा यांचा वाटा गरजू देशांसही मिळावा, असे तिचे तत्त्व आहे. आम्हांस यात संपाचीच भाषा ऐकू आली. ज्याच्याकडे कच्चा माल आहे त्याने तो अडविला, तेव्हाच वाटाघाटीचे टेबल मांडले गेले.

आणि शेवटी आपल्या घरचा प्रश्न. पेशीचा भोंगा विषाणू कसा दाबतो हे आज माणसाला ठाऊक आहे. परंतु वसई पूर्वेच्या गाळ्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला ताप आला, तर तो काय करतो? दोन गोळ्या घेतो आणि कामावर जातो. कारण खाडा झाला तर रोज बुडतो, आणि चार खाडे झाले तर जागाच जाते. लोकलच्या डब्यात तो उभा, गाळ्यात तो उभा, आणि संध्याकाळपर्यंत शेजारचे दोघे शिंकू लागतात. 1948 च्या कायद्याने आलेल्या कामगार राज्य विमा योजनेत नोंदलेल्या कामगारास आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के भत्ता मिळण्याची तरतूद आहे. परंतु त्यासाठी आधी नाव नोंदलेले पाहिजे आणि ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. ज्याचे नाव ठेकेदाराच्या वहीतसुद्धा धड नाही, त्याला त्या 91 दिवसांचा काय उपयोग? 1918 मधील त्या आठ आणि एकसष्टच्या आकड्यांत जे अंतर होते, ते विषाणूच्या कोणत्याही खात्यात सापडणार नाही. ते आपल्याच समाजाच्या खात्यांत शोधावे लागेल.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. या विद्येची धास्ती घेऊन तिच्याकडे पाठ फिरवू नये; ती समजून घ्यावी, कारण जे समजते त्यावर प्रश्न विचारता येतात. राज्यात अशा प्रयोगशाळा आहेत, आणि 2012 पासून पुण्यात सर्वात कडक बंदोबस्ताची प्रयोगशाळाही आहे. त्यांच्या कामाचा आणि सुरक्षिततेचा जाहीर अहवाल मागण्याचा नागरिकांना हक्क आहे. दरवर्षीची फ्लूची लस म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि दवाखान्यांतील सफाई कामगार यांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळावी, असा आग्रह नगरपालिकांनी आणि महानगरपालिकांनी धरावा. आणि तापाने फणफणलेल्या माणसाला तीन दिवस घरी बसण्याचा भरपगारी हक्क मिळावा, मग तो कायम असो, बदली असो की ठेकेदाराचा असो. पहिल्या दोन मागण्यांसाठी आपण अर्ज लिहू. तिसरीसाठी संघटना लागेल. आणि जे अजून कोणत्याच युनियनमध्ये नाहीत, त्यांनी उद्या कामावर गेल्यावर आपल्या शेजारच्या माणसाशी प्रथम याच विषयावर बोलावे, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.